दारावरची पाटी

रात्री दोन वाजता आमच्या रेल्वे वसाहतीत एकच सायकल फिरायची, ती माझी. हँडलला कंदील, कॅरियरला सुतळीनं बांधलेलं कॉलबुक, कानावर पेन्सिल. १९७२च्या ऑगस्टात, एकोणीस वर्षांचा असताना, पठारावरच्या एका जंक्शनाच्या लोको शेडमध्ये मी कॉलबॉय म्हणून लागलो. शेडचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी पुढे सांगणार आहे त्यांची मुलं-नातवंडं अजून त्याच गावात राहतात. कॉलबॉय हे पद आता सहसा कुठे दिसत नाही, तेव्हा ते काम काय होतं इथूनच सुरुवात करतो.

मेल आणि पॅसेंजरच्या ड्रायव्हरांना लिंक असे. सोमवारी कुठली गाडी, बुधवारी कुठली, परत कधी यायचं, सगळं तक्त्यात मांडलेलं. त्यांच्या घरी मुलांनासुद्धा बाबा कधी येणार ते पाठ असे. मालगाडीचं तसं नव्हतं. यार्डात डबे भरले, गाडी जुळली, पुढचा सेक्शन मोकळा झाला की इंजिन लागणार, आणि इंजिन लागलं की माणसं लागणार. ती वेळ सकाळी अकराची असेल नाही तर पहाटे तीनची. क्लार्क कॉलबुकात गाडीचा नंबर, सुटायची वेळ, ड्रायव्हर आणि दोन फायरमन यांची नावं लिहायचा, आणि मी सायकल काढायचो. गाडीच्या दोन तास आधी कॉल पोहोचला पाहिजे. दार वाजवायचं, बुक पुढे करायचं, वेळ घालून सही घ्यायची. सही झाली की माणूस रेल्वेचा.

त्या दोन तासांत त्या घरात काय घडायचं ते मी रोज पाहिलं आहे. दार बहुतेक वेळा बाईच उघडायची. माझ्या हातातला कंदील दिसला की काही न बोलता आत वळायची आणि स्टोव्ह पेटवायची. लाइन बॉक्स म्हणजे ड्रायव्हरची पत्र्याची पेटी. ती भरायची म्हणजे दोन दिवसांचं पीठ, डाळ, कांदे, तेलाची बाटली, मिठाची पुडी, धुतलेले कपडे, पांघरूण. पलीकडच्या गावच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे मुक्कामाच्या जागी, स्वयंपाकी असे, पण शिधा ज्याचा त्यानं न्यायचा. शिवाय वाटेत खायला भाकरी आणि सुकी चटणी. बाई हे सगळं करेपर्यंत नवरा दाढी उरकायचा, आणि एखादं पोर जागं होऊन दारात उभं राहायचं. हजेरीपुस्तकात नाव एकाचं, पण कॉल लागायचा दोघांना. हे मी विशीतच शिकलो, आणि पुढच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत रेल्वेच्या कुठल्याही कागदावर ते लिहिलेलं पाहिलं नाही.

कॉलची ही पद्धत इंग्रजांनी आपल्याबरोबर आणली. विलायतेतल्या इंजिन शेडांत पहाटे दारं वाजवून ड्रायव्हरांना उठवणारी पोरं असत. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, १८६३ला बोरघाट पार झाला आणि १८६५ला थळघाटावरून रूळ इगतपुरीला चढले. घाटाला इंजिनं बदलायची, जादा इंजिनं जोडायची, पाणी-कोळसा घ्यायचा, म्हणून ठरावीक अंतरावर शेडं उभी राहिली, आणि शेडाभोवती वसाहती. इगतपुरी, भुसावळ, दौंड ही गावं आज जशी आहेत तशी या रुळांमुळे झाली. या वसाहतींची रचना नीट पाहिली तर एक गोष्ट कळते. बंगले, चाळी, इन्स्टिट्यूट, दवाखाना, सगळं शेडच्या भोंग्याच्या टापूत. ड्रायव्हरानं आपल्या मर्जीच्या जागी राहायचं नाही, कॉलबॉय सायकलवर किंवा पायी पोहोचेल तिथं राहायचं. घराची जागाच मुळी कामाच्या सोयीनं ठरलेली. सुरुवातीला ड्रायव्हर विलायतेहून करारावर आणलेले होते, पुढे अँग्लो-इंडियन आणि पारशी आले. आपली माणसं बराच काळ खलाशी आणि फायरमन होती. फावड्यानं कोळसा मारता मारता त्यांना ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पोहोचायला एकेक पिढी लागली.

तासांचा हिशेबही उशिरा आला. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं १९१९मध्ये वॉशिंग्टनला कामाच्या तासांचा करार केला. त्याला धरून १९३०मध्ये आपल्याकडे रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि सततच्या कामाला आठवड्याला ६० तासांची मर्यादा पडली. पण गाडीवर चालणारी माणसं, म्हणजे रनिंग स्टाफ, त्यातून वगळली गेली. ज्यांना घराबाहेर सर्वांत जास्त राहावं लागतं त्यांनाच कायद्यानं बाहेर ठेवलं. ही चूक दुरुस्त व्हायला न्यायमूर्ती राजाध्यक्षांचा निवाडा यावा लागला. मुंबई हायकोर्टाचे हे न्यायाधीश १९४६मध्ये रेल्वे कामगारांच्या तंट्यात लवाद नेमले गेले, आणि १९४७मध्ये त्यांनी दिलेल्या निवाड्यानं रनिंग स्टाफ तासांच्या हिशेबात आला. सततच्या कामाला आठवड्याला सरासरी ५४ तास ठरले. शेडमधले जुने लोक राजाध्यक्षांचं नाव घरातल्या थोरल्या माणसाचं घ्यावं तसं घ्यायचे. माझ्या पहिल्या महिन्यातच एका म्हाताऱ्या फायरमननं मला सांगितलं होतं, “पोरा, आम्हाला रात्र आहे हे सरकारला पहिल्यांदा त्या माणसानं सांगितलं.”

पण ५४ तास हे सरासरीचे. एखादी फेरी किती लांबेल ते त्या सरासरीतून कळत नसे. मालगाडी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घातली की पडून राहायची. चौदा तास, सोळा तास, कधी त्याहून जास्त. पलीकडे पोहोचलं की आठ तासांची विश्रांती, मग परतीची गाडी मिळेल तेव्हा. मिळाली नाही तर रनिंग रूममध्ये वाट पाहायची. रविवारी गेलेला माणूस मंगळवारी येईल की बुधवारी, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

आता पाटीविषयी.

मुख्यालयाची, म्हणजे आपल्या शेडच्या गावची, विश्रांती संपली की ड्रायव्हरानं कॉलसाठी हाताशी असावं, एवढाच नियम. घरात बसून राहा असं कुणी म्हणत नसे. माणूस दळण आणायला जाई, मारुतीला जाई, मुलाच्या शाळेत जाई. मग मी त्याला गावभर शोधायचं. मी लागलो तेव्हा आमच्या वसाहतीत एक सुंदर चाल होती. बहुतेक ड्रायव्हरांच्या दाराशेजारी खिळ्याला मुलांची दगडी पाटी अडकवलेली असे, आणि तिच्यावर खडूनं लिहिलेलं असे: “पिठाच्या गिरणीत”, “कीर्तनाला, देवळात”, “भावाकडे, चाळ ४, खोली ९”. एका दारावर तर “झोपलो आहे, कडी न वाजवता खिडकीतून हाक मारावी, तान्हं आहे” असं होतं. ही पाटी लावा असं रेल्वेनं कधी सांगितलं नव्हतं. न लावणाऱ्याला शिक्षा नव्हती आणि लावणाऱ्याला पैसा जास्त मिळत नव्हता. माणसानं स्वतःहून रेल्वेला सांगून ठेवलेलं होतं की मी इथे आहे, ये आणि मला ने. एवढ्या एका चालीमुळे आमच्या शेडच्या गाड्यांना माणसांवाचून उशीर होत नसे.

अशा न सांगता केलेल्या गोष्टी त्या काळात पुष्कळ होत्या. वाफेचं इंजिन बरेचदा ठरलेल्या ड्रायव्हरांच्या हाती असे, आणि त्यांना ते आपलं वाटे. पितळेच्या पट्ट्या, नळ, नंबरप्लेट लखलखीत ठेवायला चिंच घरून यायची, पुसायला बायकोचं जुनं लुगडं. एखाद्या नळाला गळती असेल तर फिटरची वाट न पाहता ड्रायव्हर सुतळी आणि ग्रीस घेऊन स्वतः बसायचा. लूपमध्ये गाडी अडकली की फायरमन चालत केबिनपर्यंत जाऊन विचारून यायचा. फायरमननं एका फेरीत काही टन कोळसा मारायचा, तो दिसेल तसा झोकून दिला तरी इंजिन चालतंच. पण शेगडीत पातळ थर देत, धूर पाहून मारला तर कोळसा वाचतो आणि गाडी वेळ भरून काढते. हे सगळं कुठल्या नियमात बसवणार? ते माणसाच्या मर्जीवर होतं.

ती मर्जी कशानं टिकते, हे मला आमच्या पहिल्या फोरमननी दाखवलं. ते मिताहारी, मितभाषी गृहस्थ होते. त्यांच्या टेबलाच्या खणात कॉलबुकाखेरीज आणखी एक छोटी वही असे. तिच्यात कुणाच्या मुलीची मॅट्रिकची परीक्षा कधी, कुणाची बायको कितव्या महिन्यात, कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध कुठल्या तिथीला, हे लिहिलेलं. क्लार्कनं नावं काढली की ते वही उघडायचे, आणि एखादं नाव खाली सरकवून दुसरं वर घ्यायचे. दर वेळी ते जमत नसे. नाही जमलं तर स्वतः मला म्हणायचे, “कॉल दे आणि सांग, परतीला स्पेअर पाठवायची व्यवस्था मी करतो.” स्पेअर म्हणजे काम न करता, प्रवासी म्हणून परत. आणि ते खरोखर करायचे. पलीकडच्या शेडला कंट्रोलच्या फोनवरून सांगताना मी त्यांना ऐकलं आहे.

१९७२ हे दुष्काळाचं साल. माझी नोकरी लागली तेव्हा पठारावर पाऊस नव्हता, विहिरी आटल्या होत्या, आणि ज्यांची मुळं आसपासच्या खेड्यांत होती त्या प्रत्येक ड्रायव्हरच्या दोन खोल्यांत गावाकडची आठ-दहा माणसं येऊन राहिली होती. खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या बहिणी, भाऊ, त्यांची पोरं. रेशनवर मिलो आणि परदेशी गहू. ते धान्य बंदरातून आत येत होतं ते मालगाड्यांनीच. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शेडवर जो ताण पडला तसा मी पुन्हा पाहिला नाही. आणि त्याच महिन्यांत, ज्यांची घरं माणसांनी तुंबली होती, ज्यांना झोपायला जागा नव्हती, ते ड्रायव्हर विश्रांती पुरी व्हायच्या आत पाटीवर लिहून ठेवायचे: “धान्याची गाडी असेल तर हाक मार.” एका रात्री धान्याच्या गाडीला फायरमन मिळेना, तर सुट्टीवर असलेला एक ड्रायव्हर फायरमनच्या जागी फावडं घेऊन चढला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी फोरमननी सलग सहा दिवस त्याचं नाव वर येऊ दिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं.

१९७३च्या मध्यावर ते फोरमन निवृत्त झाले. नवे आले ते वाईट नव्हते, असं मी आज म्हणू शकतो. ते कडक होते आणि त्यांना वही नको होती. पहिल्याच आठवड्यात ती त्यांनी खणातून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “घरची कामं घरी. इथे फक्त कॉलबुक.” मी ती घरी नेऊन ठेवली.

त्याच वर्षी ऑगस्टात देशभरातल्या लोको रनिंग स्टाफनं काम बंद केलं, आणि तेव्हाचे रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांनी मान्य केलं की साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत, म्हणजे हजेरी लावल्यापासून सुटेपर्यंत, दहा तासांच्या वर काम लावणार नाही. आमच्या चाळींत त्या दिवशी पेढे वाटले गेले. आठ तासांचा दिवस जगानं केव्हाच मान्य केला होता, आणि आमच्याकडे दहा तासांसाठी पेढे वाटले जात होते. ते दहा तासही कागदावरच होते. रुळांवर त्या दहाचे चौदा होतच राहिले.

सप्टेंबरातल्या एका रात्री क्लार्कनं मला बुक दिलं. ड्रायव्हरचं नाव वाचून मी म्हणालो, “यांच्या घरी बाई अडलेल्या आहेत, सुईण आलेली मी संध्याकाळी पाहिली.” क्लार्क म्हणाला, “नाव वर आलंय.” मी फोरमनच्या क्वार्टरवर गेलो. ते दारात आले, ऐकलं, आणि म्हणाले, “बुकात जे आहे ते कर.”

मी गेलो. त्या दारावरची पाटी मला आजही डोळ्यांसमोर दिसते: “घरीच आहे.” एवढे दोनच शब्द. त्यांनी ती लावली नसती, तर मी शोधायला वळलो असतो, आणि वेळ गेला असता, आणि दुसरं नाव निघालं असतं. बुक पुढे करण्याआधी मी थांबलो. “भेटले नाहीत” असं मी लिहू शकत होतो. तसं लिहिणारे कॉलबॉय होते. मी नवा होतो, कायम झालो नव्हतो, मी लिहिलं नाही. त्यांनी आतल्या बाजूला एकदा पाहिलं, सही केली, आणि शेजारच्या काकूंना हाक मारली. पेटी भरायला त्या रात्री कुणी नव्हतं. ते पीठ-मीठ न घेता गेले.

पलीकडच्या गावाहून त्यांनी स्पेअर मागितली. मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी ते मालगाडी घेऊन परतले. बाई वाचल्या होत्या. बाळ गेलं होतं.

मला वाटलं होतं की ते भांडतील, कुणाची तरी कॉलर धरतील. तसं काही झालं नाही. चौथ्या दिवशी मी कॉल घेऊन गेलो तर वेळ घालून सही केली आणि बरोबर दोन तासांनी शेडमध्ये आले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांच्या नावावर एकही ठपका नाही. पण त्यांच्या इंजिनाचं पितळ हिरवं पडलं. गळका नळ दिसला की ते दुरुस्तीच्या पुस्तकात नोंद करायचे आणि हात मागे बांधून फिटरची वाट पाहायचे. लूपमध्ये गाडी दोन तास उभी राहिली तर दोन तास सीटवर बसून राहायचे. वेळ भरून काढणं त्यांनी सोडलं. नियमात जेवढं होतं तेवढं त्यांनी एका मिनिटाचीही कसूर न करता केलं, आणि त्यापलीकडे काही केलं नाही. पाटी दारावरून उतरली. मोठ्या मुलीच्या दप्तरात ती मला एकदा दिसली.

पुढच्या दोन महिन्यांत त्या चाळीतल्या बाकीच्या पाट्याही एकेक करून गेल्या. मग शेजारच्या चाळीतल्या. कुणी बैठक घेतली नाही, कुणी ठराव केला नाही. युनियनच्या माणसांनाही ते कळलं नसावं. मला कळलं, कारण माझी सायकल आता जास्त फिरू लागली. ज्या माणसाला शोधायला पाच मिनिटं लागायची त्याला पाऊण तास लागायला लागला. शेडच्या रोजच्या अहवालात “माणसं न मिळाल्यामुळे उशीर” हे शब्द येऊ लागले. फोरमननी माझ्यावर आळसाचा शेरा मारला. दारावर पाट्या नाहीत हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “कसल्या पाट्या?”

त्या काळी “नियमानुसार काम” हे रनिंग स्टाफचं आंदोलनाचं हत्यार होतं. वर्तमानपत्रात बातमी यायची की अमुक विभागात नियमानुसार काम सुरू, वाहतूक विस्कळीत. बाहेरच्या माणसाला नवल वाटायचं की नियमानं काम केल्यावर गाड्या अडतात कशा. आम्हाला नवल वाटत नव्हतं. रेल्वेचा रोजचा गाडा नियमाच्या वर जी मर्जी असते तिच्यावर चालतो. आंदोलनात ती मर्जी सगळे मिळून, जाहीर करून काढून घेतात आणि मागणी मान्य झाली की परत देतात. आमच्या चाळीत ती एकेकट्यानं, न बोलता काढून घेतली गेली होती. तिच्यावर वाटाघाट कुणाशी करणार?

मग १९७४ आलं. ८ मेपासून देशभर रेल्वेचा संप, सुमारे सतरा लाख माणसं, वीस दिवस. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना संपाच्या आधीच, २ मेला, अटक झाली. हजारो कामगार तुरुंगात गेले, आणि वसाहतींमध्ये क्वार्टर रिकामं करण्याच्या नोटिसा लागल्या. मी संपावर गेलो नाही. धाकटी भावंडं होती, नोकरी कायम नव्हती, एवढंच कारण. ते मला आजही पुरेसं वाटत नाही. दोन शिपायांबरोबर मला दारोदार कॉल द्यायला पाठवलं गेलं. पुरुष कुठल्याच घरात नव्हते. शेतात, नातेवाइकांकडे, देवळांत लपलेले. दार बायकाच उघडत होत्या. एका वयस्कर काकूंनी शिपायांकडे न पाहता मला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाल्या, “बाळा, तू तुझं काम कर. ते घरी नाहीत. तुझ्या बुकात तसं लिही.” मी त्या दिवशी प्रत्येक दारावर “भेटले नाहीत” लिहिलं. आठ महिन्यांपूर्वी एका दारावर लिहायला हवं होतं ते. ज्या खिळ्यांना पाट्या असायच्या, त्याच खिळ्यांना नोटिसा अडकवलेल्या होत्या.

संप मोडला. बडतर्फ झालेल्या माणसांच्या बायकांनी पापड लाटले, धुणीभांडी केली, एक जण तर आमच्याच स्टेशनाबाहेर भाजी विकायला बसत असे. पेटी भरणारे तेच हात. १९७७मध्ये जनता सरकार आलं आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी संपात काढलेल्या माणसांना परत घेतलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घालणारे मंत्री म्हणून लोक त्यांची आठवण काढतात, आणि ते योग्यच आहे. आमच्या वसाहतीत मात्र त्यांचं नाव परत आलेल्या नोकऱ्यांसाठी घेतलं जातं. त्या वर्षी दिवाळीला चाळींवर पुन्हा आकाशकंदील लागले. आणि पाच-सहा दारांवर पाट्याही परत आल्या. पूर्वी त्या चाळीस-पन्नास असत.

पुढची गोष्ट लवकर सांगतो. वाफ गेली, डिझेल आलं, मग वीज. दोन फायरमनांच्या जागी एक असिस्टंट उरला. कोळसा गेला याचं मला दुःख नाही, त्यानं फार जणांची छाती खाल्ली. पण ठरलेल्या माणसांचं ठरलेलं इंजिन ही गोष्ट त्याबरोबर गेली. आज हे, उद्या ते. चिंच घरून आणायची कुणासाठी? माझी बदली लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर हजेरी लावतात त्या जागी, झाली, कॉलबॉयची पदं आधी कमी आणि मग बंद झाली. मोबाइल आले, संगणक आला, आता कॉल मेसेजनं जातो. माणूस कुठेही असला तरी सापडतो, पाटीची गरज नाही. दार वाजत नाही, त्यामुळे तान्ही मुलं जागी होत नाहीत, हे चांगलंच आहे. पण दारात उभं राहून आत काय चाललं आहे ते पाहणारा आणि शेडमध्ये येऊन सांगणारा कुणी उरला नाही. मेसेज परत येऊन सांगत नाही की साहेब, त्या घरी सुईण आली आहे.

१९८९मध्ये साताऱ्याच्या सुरेखा यादव असिस्टंट ड्रायव्हर म्हणून रुजू झाल्या, भारतातल्या पहिल्या. ८ मार्च २०११ला त्यांनी पुणे-मुंबई डेक्कन क्वीन चालवली. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या मुली मी लॉबीत पाहिल्या. साइन ऑन करताना एका हातात बॅग, कानाला फोन, आणि फोनवर मुलाला डबा कुठे ठेवला आहे ते सांगणं. पेटी भरणारी आणि पेटी उचलणारी आता एकच होती. आमच्या पहिल्या फोरमनना त्यांची वही किती पानांची करावी लागली असती, हे त्या मुलींकडे पाहताना माझ्या मनात येई.

२०१३मध्ये मी निवृत्त झालो. ती वही माझ्याकडे आहे. तिच्यात शेवटची नोंद १९७३ची, फोरमनांच्या तिरप्या अक्षरात, एका ड्रायव्हरच्या नावापुढे: “सप्टेंबर, पहिले पंधरा दिवस, बाहेर पाठवू नये.” ज्या माणसाला मी त्या रात्री कॉल दिला, त्याच्याच नावापुढे.

नियमांत आज रनिंग स्टाफला महिन्यात तीस तासांच्या चार किंवा बावीस तासांच्या पाच विश्रांती आहेत, आणि त्यात घरच्या अंथरुणात एक पूर्ण रात्र मिळावी असं म्हटलेलं आहे. लोको पायलटांची, म्हणजे आजच्या ड्रायव्हरांची, मागणी आहे की हे तीस तास मुख्यालयाच्या सोळा तासांच्या विश्रांतीला जोडून धरावेत, म्हणजे आठवड्यातून एकदा ४६ तास सलग घरी मिळतील. मी त्यांची दारं वाजवली आहेत, चार दशकं त्यांच्यात काढली आहेत. ही मागणी रास्त आहे आणि ती मान्य झाली पाहिजे.